बैठकीची उंची

ठेंगण्या माणसाचे अर्धे आयुष्य टाचा उंचावण्यात जाते. दुकानातील वरच्या फळीवरचा डबा, बसमधील लोंबती कडी, देवळातील घंटा, सरकारी कचेरीतील खिडकी, या सर्व वस्तू कोणा एका मध्यम मापाच्या मनुष्याला डोळ्यांसमोर ठेवून बसवलेल्या असतात. आणि तो मनुष्य आपल्या घराण्यात सहसा जन्मास आलेला नसतो. घंटेपर्यंत हात पोहोचला नाही म्हणून देव रागावत नाही. पण सुमारे २९० किलो वजनाची मोटारसायकल दोन मांड्यांमध्ये धरून चढावावर थांबावे, आणि पाय खाली सोडताच तो जमिनीला लागत नाही असे कळून यावे, हा प्रसंग निराळा. तेथे दोन-तीन सेंटिमीटरांच्या उणिवेपायी यंत्र मोडते, कधी हाड मोडते, आणि हौस तर बहुधा मोडतेच.

वाक्वा येथे राहणाऱ्या एका बाईंची ही हकीकत आहे. त्या परिचारिका आहेत, वय पन्नाशीला टेकले आहे, आणि गल्लीतील लहानथोर सर्वच त्यांना मावशी म्हणत असल्याने येथेही तेच नाव चालावे. मावशींच्या यजमानांनी २०१२ साली यामाहा कंपनीची एफजेआर १३०० ही मोटारसायकल जुन्या बाजारातून विकत घेतली होती. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठीच बांधलेले हे वाहन. वाऱ्याला अडवणारी पुढची काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, साखळीऐवजी दांड्याने फिरणारे मागचे चाक आणि २५ लिटरची टाकी. आपले बेट लांबीला सुमारे ६५ आणि रुंदीला ४५ किलोमीटर. एकदा टाकी भरली की किनाऱ्याकिनाऱ्याने बेटाला एक फेरी घालून न थांबता दुसरी सुरू करावी! एवढ्याशा भूमीवर खंड ओलांडायचे वाहन कशाला, असे मावशींच्या सासूबाई विचारीत. त्यावर त्यांचे चिरंजीव म्हणत, "आई, प्रदक्षिणा घालायला देऊळ मोठे कशाला लागते?"

रविवारी सकाळी दोघे निघत. प्लेन शांपाईनच्या धुक्यातून शामारेल, तेथून उतरून बे द्यु काप, मग समुद्राच्या कडेने ल मोर्न आणि ब्लॅक रिव्हर, आणि दुपारच्या जेवणाला घरी. मावशी नेहमी मागच्या बैठकीवर. यजमान पाच फूट अकरा इंच उंच होते, त्यामुळे यंत्राची उंची हा प्रश्न त्या घरात कधी उद्भवलाच नव्हता. २०२१ साली ते वारले. मोटारसायकल अंगणातील पत्र्याच्या छपराखाली जुन्या चादरीत गुंडाळलेली राहिली.

नातलगांनी विकून टाकण्याचा सल्ला दिला, आणि तो व्यवहारास धरून होता. एक गिऱ्हाईक दोनदा येऊन पाहून गेले. मावशी दर आठवड्याला चादर काढून इंजिन दहा मिनिटे चालू ठेवीत. बॅटरी मरू नये म्हणून, असे त्या सांगत. सासूबाईंनी हे सारे वर्षभर पाहिले आणि एके दिवशी एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, विकायची असेल तर वीक. पण लोक सांगतात म्हणून विकू नकोस." त्यानंतर मावशींनी लहान १२५ सीसीच्या गाडीवर शिकून मोटारसायकलीचा परवाना काढला. हे २०२३ साल. परवाना हाती आला त्या संध्याकाळी त्यांनी यजमानांच्या गाडीवर टांग टाकली, तेव्हा दोन्ही पायांचे केवळ अंगठे जमिनीला लागत होते. गाडी डावीकडे कलली, थांबवता आली नाही, आणि अगदी सावकाश, एखादी म्हैस बसावी तशी, अंगणातच आडवी झाली. बाजूची पेटी खरचटली. मावशींना लागले नाही. परंतु गाडी उभी करण्यासाठी शेजारच्या दोघा जणांना हाक मारावी लागली, ते त्यांना फार लागले.

आता या उंचीविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण पुष्कळ गैरसमज येथेच होतात. प्रवासाच्या मोटारसायकली उंच असतात त्याला कारणे आहेत. बैठकीखाली मोठे इंजिन, हवेची पेटी आणि बॅटरी बसवायची असते. खड्ड्यांत चाकाला वरखाली होण्यास जागा लागते. वळणावर गाडी झुकली की तळ रस्त्याला घासू नये म्हणून पोटही जमिनीपासून वर ठेवावे लागते. शिवाय आठ-आठ तास बसणाऱ्याचे गुडघे फार दुमडू नयेत यासाठी बैठक आणि पाय ठेवण्याचे खुंट यांत अंतर हवे. हे सर्व योग्यच. एफजेआरची बैठक ८०५ किंवा ८२५ मिलिमीटर उंचीवर लावता येते. बीएमडब्ल्यूच्या आर १२५० आरटीचे आकडेही नेमके हेच होते, आणि त्याच कंपनीच्या आर १२५० जीएसचे तर ८५० व ८७०. होंडाची २०१८ नंतरची गोल्ड विंग ७४५ मिलिमीटरवर बसवते, पण तिचे वजन साडेतीनशे किलोंच्या वर आहे.

छापील आकडा खोटा नसतो, पण तो पुरेसाही नसतो. तो जमिनीपासून बैठकीच्या सर्वांत खोल बिंदूपर्यंतचा असतो. माणसाचे पाय मात्र त्या बिंदूतून सरळ खाली येत नाहीत. ते बैठकीच्या रुंदीला वळसा घालून खाली उतरतात. पाटावर बसणे आणि माठावर बसणे यांत जो फरक, तोच अरुंद आणि रुंद बैठकीत. ८०० मिलिमीटरची रुंद बैठक ठेंगण्यास हवेत लोंबकळत ठेवील, आणि ८२० ची अरुंद बैठक त्याचा चवडा जमिनीला टेकवील. म्हणून बीएमडब्ल्यू आपल्या पत्रकात उंचीच्या आकड्याबरोबर आणखी एक माप देते : एका पावलाच्या जमिनीपासून बैठकीवरून वळसा घेऊन दुसऱ्या पावलापर्यंतची लांबी. सर्वच कंपन्यांनी हे माप दिले तर ठेंगण्यांचे किती पैसे वाचतील!

मावशींचा भाचा यंत्रांची दुरुस्ती करतो. तो मोजपट्टी घेऊन आला. "मावशी, भिंतीला पाठ लाव, बूट काढ, आणि हे जाड पुस्तक दोन पायांमध्ये धरून वर दाब," असे त्याने सांगितले. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. जमिनीपासून ७२ सेंटिमीटर. एकूण उंची १ मीटर ५७, म्हणजे जुन्या मापाने पाच फूट दोन इंचांच्या जवळपास. वजन ५४ किलो. भाच्याने आकडे वहीत लिहिले आणि तो एकदम हसला. दोन वर्षांपूर्वी मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेतील दप्तरातून त्याने मावशींच्या माहेरच्या मूळपुरुषाची नोंद काढून आणली होती. मुंबईहून जहाजाने आलेल्या त्या मजुराच्या नावापुढे बापाचे नाव, वय, जात, गाव आणि अंगावरील खुणा यांच्याबरोबर उंचीही लिहिलेली होती. तीही पाच फूट दोन इंचच होती.

वाचकहो, ही मापे कशासाठी घेत हे आपणांस ठाऊक आहे. मळा सोडून निघून गेलेला माणूस पुन्हा ओळखता यावा, हा त्या नोंदीचा एक उपयोग होता. छायाचित्रे पुढे १८६० च्या दशकात सुरू झाली; तोपर्यंत माणसाची खूण म्हणजे त्याचे इंच आणि त्याचे व्रण. आज तीच पाने वंशजांना आजोळचे गाव शोधून देतात, हा काळाचा विनोद म्हणावा. मावशींनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "त्यांचे माप घेऊन त्यांना कुणी काही शिवून दिले नाही. तू माझे घेतले आहेस, तर काही करून दाखव."

भाच्याने आरंभ केला तो फुकटच्या उपायांपासून, आणि हा क्रम प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. यजमानांनी बैठक वरच्या खाचेत लावली होती. ती काढून खालच्या खाचेत बसवली. पाच मिनिटांचे काम. २० मिलिमीटर उतरले. मग मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे तो वळला. या गाडीत तेथे एक लहान दांडा असतो आणि त्याला दोन स्थाने असतात : दोघांसाठी कठीण, एकट्यासाठी मऊ. नऊ वर्षे तो कठीण स्थानावरच होता, कारण मागे नेहमी मावशी बसलेल्या. तो मऊ केला.

येथे एक बारीक गोष्ट आहे. चालक बसला की स्प्रिंग थोडी दबावी अशीच रचना असते. चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एकतृतीयांश भागाइतके दबणे चांगले समजतात, म्हणजे खड्डा आला की चाक खालीही जाऊ शकते आणि वरही. पण कारखान्यातील स्प्रिंग धिप्पाड माणसाचा विचार करून घातलेली असते. ५४ किलोच्या व्यक्तीखाली ती पुरेशी दबतच नाही. म्हणजे ठेंगणा आणि हलका मनुष्य दुहेरी तोट्यात : पाय आखूड, आणि गाडीही त्याच्याखाली इतरांपेक्षा उंच राहणार. अशा चालकाने स्प्रिंगचा ताण कमी करणे ही तडजोड नव्हे. गाडी त्याच्या वजनास प्रथमच योग्य होते. जाड माणसाने केवळ उंची कमी करण्यासाठी हाच उपाय केला तर मात्र प्रत्येक खड्ड्यात गाडी तळाला आपटेल.

एवढे झाल्यावर मावशींचे चवडे टेकू लागले, पण कसेबसे. भाच्याचा पुढचा बेत ठरलेलाच होता. मागच्या चाकाचा फाटा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांना जोडणाऱ्या दोन लहान पट्ट्या असतात. त्यांच्याऐवजी जराशा लांब पट्ट्या घातल्या की मागचा भाग २५ ते ४० मिलिमीटर खाली बसतो. अशा पट्ट्या तयार विकत मिळतात. तरुणांना पाना हाती धरण्याची हौस असते आणि ती वाईट नाही. परंतु या उपायाचे बिल नंतर येते. केवळ मागची बाजू उतरवली तर पुढच्या फोर्कचा कल बदलतो आणि गाडी वळायला जड होते. म्हणून फोर्कच्या नळ्या त्यांच्या पकडीतून वर सरकवून पुढचा भागही बेताने खाली घ्यावा लागतो. गाडी खाली आली तरी बाजूचे स्टँड पूर्वीइतकेच लांब राहते. मग गाडी स्टँडवर कलण्याऐवजी जवळजवळ ताठ उभी राहते, आणि उताराच्या बाजूने वारा आला तरी उलटते. स्टँड कापून पुन्हा जोडावे लागते. मधल्या स्टँडवर गाडी चढवणे तर पहिलवानाचे काम होते. शिवाय वळणावर खुंट लवकर रस्त्याला घासू लागतात. भाच्याच्याच एका परिचिताने गाडी ४० मिलिमीटर उतरवली, स्टँड तसेच ठेवले, आणि दुकानातून पाव घेऊन येईपर्यंत गाडी शेजारच्या मोटारीवर विसावली होती. शामारेलची वळणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पोट खाली आलेल्या गाडीचे दुःख वेगळे सांगावयास नको.

या पट्ट्या वाईट असतात असे नाही. ज्याला दुसरा मार्गच उरला नाही, त्याने स्टँड, फोर्क आणि स्प्रिंग यांचा हिशेब पुरा करून त्या जरूर घालाव्यात. पण आधी बैठक पाहावी. यंत्राचे हाड कापण्यापूर्वी गादीचा कापूस काढून पाहावा, एवढेच.

बैठकीचे काम वाक्व्याजवळच एक वृद्ध क्रिओल कारागीर करतात. सोफे, मोटारींच्या गाद्या, मासेमारीच्या बोटींची आसने, सर्व त्यांच्या हातून जाते. आपल्या बेटावर वडीलधाऱ्यास म्हणतात तसे मावशी त्यांना तोंतों म्हणतात. त्यांनी गाडीची बैठक उलटसुलट करून पाहिली, वरचे रेक्झिन बोटांनी दाबले आणि विचारले, "पोरी, ही एकच आहे?"

मावशी गप्प राहिल्या. नऊ वर्षे एकाच माणसाने बसून त्या बैठकीत किंचित उजवीकडे एक खळगा पाडला होता. ती कापावयाची तर हा खळगाही सुरीखाली जाणार. त्यांनी हे तोंतोंना सांगितले नाही, पण त्यांनी ते कसे कोण जाणे ओळखले, किंवा कदाचित ओळखले नाही. कारण पुढे ते बोलले तो त्यांच्या धंद्याचा साधा नियम होता. "एकुलती एक बैठक मी कधी कापत नाही. कापलेला फोम परत येत नाही. जुनी दुसरी मिळव, ती मी बिघडवीन." हा नियम सोन्याचा आहे. मूळ बैठक जपून ठेवावी. पुढे गाडी विकायची झाली तर तिलाच किंमत येते. भाच्याने इंग्लंडमधून मोडीत काढलेल्या एका गाडीची बैठक मागवली. ती येण्यास सात आठवडे लागले.

तोंतोंनी प्रथम मागच्या कडेच्या स्टेपलच्या पिना एकेक करून उपटल्या आणि आवरण सोलून काढले. आत पिवळसर फोम, त्याखाली प्लास्टिकचा तळ. त्यांनी एक लांब सुई फोममध्ये ठिकठिकाणी टोचून तळ किती खोल आहे ते मोजले. ज्या भागावर माणूस बसतो तेथे तीन-चार सेंटिमीटर तरी चांगला फोम शिल्लक राहिला पाहिजे, नाहीतर अर्ध्या तासात तळाचे प्लास्टिक माकडहाडाशी बोलू लागते. बरेच हौशी लोक घरी सुरी चालवतात आणि नेमकी येथेच चूक करतात : दिसेल तितका फोम काढतात, आणि उतरवलेल्या गाडीवरून वीस किलोमीटरांनंतर खाली उतरून उभे राहतात.

त्यांनी मधून २५ मिलिमीटर काढले, विजेवर चालणाऱ्या पाव कापण्याच्या सुरीने. परंतु त्यांचा खरा वेळ गेला तो बाजूंवर. टाकीजवळ, जेथून मांड्या खाली वळतात, तेथील दोन्ही कोपरे त्यांनी तासून गोल केले. तेथे कुणी बसत नाही, त्यामुळे आरामात काही कमी होत नाही. पायांना मात्र सरळ खाली येण्याची वाट मिळते. मावशींचे चवडे खरे टेकले ते या कोपऱ्यांमुळे, मधल्या २५ मिलिमीटरांमुळे त्याहून कमी. मग उताराचा प्रश्न आला. नुसता पुढचा भाग खोल केला तर प्रत्येक ब्रेकला चालक टाकीवर घसरतो. नुसता मध्य खोल केला तर तो वाडग्यात बसल्यासारखा अडकतो आणि लांबच्या प्रवासात अंग हलवता येत नाही. तोंतोंनी मागच्या बाजूकडे पृष्ठभाग हळूहळू उचलत नेला, खरखरीत कागदाने घासला, वरून पातळ मऊ फोमचा एक थर चिकटवला, आणि आवरण न शिवताच मावशींना नुसत्या फोमवर बसवून घरी धाडले. अशा तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी मावशींनी तासभर गाडी चालवून यायचे आणि कुठे टोचते ते सांगायचे. ते बोट ठेवून दाखवायचे, नुसते शब्द त्यांना मान्य नव्हते.

जेल घालावे काय, असे भाच्याने विचारले. तोंतोंनी मान हलवली. जेल अंगाला बरे वाटते, पण उन्हात उभ्या गाडीत ते तापते आणि उष्णता धरून ठेवते. फ्लिक आं फ्लाकच्या वाळूकाठी दुपारी दोन तास ठेवलेल्या गाडीवर मग बसून पाहावे. आवरणासाठी त्यांनी बोटींच्या आसनांचे कापड घेतले आणि शिवणी वरच्या पृष्ठभागावर न घेता बाजूंना घेतल्या. क्युर्पिप-वाक्व्याचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्यालाच ही युक्ती सुचेल. वरच्या शिवणीतून पाणी आत गेले की फोम ते दिवसेंदिवस सोडत नाही, आणि कोरड्या दिवशीही चालक ओला होऊन उतरतो. शिवणीखाली प्लास्टिकचा पातळ पापुद्रा घातला तो वेगळाच.

आता हिशेब असा झाला. दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकतात. अंग जरा बाजूला सरकवले तर एक पाऊल टाचेसह पुरे टेकते. मावशींनी बूटही जाड तळाचे घेतले, आणखी २० मिलिमीटर. जर्मनीत आतून उंची दडवलेले खास बूट मिळतात, पण जाड तळाचेही चालतात. गिअरचा दांडा तेवढा थोडा वर करून घ्यावा, नाहीतर जाड बूट त्याखाली शिरत नाही.

यापुढचे काम कुठल्याही कारागिराच्या हातचे नव्हते. उंच माणूस दोन्ही पाय टेकून थांबतो आणि ते त्याला बरोबर वाटते. वास्तविक एकच पाय पुरतो. थांबताना ढुंगण डावीकडे अर्धे सरकवावे, डावा पाय पूर्ण टेकावा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा. चढावावर हाच ब्रेक गाडीला धरून ठेवतो. पुढचा ब्रेक हँडल वळलेले असताना दाबू नये, कारण बहुतेक गाड्या त्याच क्षणी पडतात. हे सारे पुस्तकांतही सापडेल. पण मावशींच्या ध्यानात एक गोष्ट आली ती आपल्या देशाची आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, आणि पावसाचे पाणी ओघळावे म्हणून रस्ता मधून उंच व कडेला उतरता असतो. म्हणजे डावीकडील जमीन नेहमीच काही सेंटिमीटर खाली. ज्या देशांत उजव्या बाजूने चालतात तेथे डाव्या पायाला रस्त्याचा उंच भाग मिळतो. आपल्याकडे नेमका ज्या पायावर थांबायचे त्याच पायाखालून जमीन सरकते. तोंतोंनी काढलेले २५ मिलिमीटर एका कडेच्या उतारात परत जाऊ शकतात. प्लेन शांपाईनला लाल चिनी पेरूंच्या दिवसांत लोक रस्त्याच्या कडेला थांबून फळे तोडतात, तेथे कडेची गवताळ जमीन तर ओली आणि खोल. मावशी आता थांबण्यापूर्वी वीस मीटर आधीच जमीन वाचतात. कडेला न जाता सपाट जागेपर्यंत पुढे जातात, मागे चालत येतात. मागून मोटारवाले भोंगा वाजवतात, वाजवोत.

गाडी एकट्याने उभी करण्याची युक्तीही त्या शिकल्या, आणि अंगणातील जुन्या गाद्यांवर भाच्याने गाडी मुद्दाम चार वेळा आडवी ठेवली. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर आधी बाजूचे स्टँड बाहेर काढायचे, म्हणजे ती उचलल्यावर पलीकडे उलथणार नाही. मग गाडीकडे पाठ करून बैठकीच्या कडेला ढुंगण टेकायचे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कडी धरायची, आणि कंबर न वाकवता पायांच्या बळाने लहान पावले टाकीत मागे रेटायचे. रुग्णाला खाटेवरून उठवताना परिचारिका जे करतात तेच हे, असे मावशी म्हणाल्या. चौथ्या खेपेस शेजारचे ते दोघे जण कुंपणापाशी उभे राहून पाहत होते. मावशींनी त्यांना हाक मारली नाही.

उंच मोटारसायकलींना आता यंत्रेही शरण येऊ लागली आहेत. हार्ले-डेव्हिडसनने २०२१ साली पॅन अमेरिका या गाडीत, आणि बीएमडब्ल्यूने २०२३ साली आर १३०० जीएसमध्ये अशी सोय देऊ केली की गाडी थांबू लागली की ती स्वतःच खाली बसते आणि वेग घेताच पुन्हा उठते. बीएमडब्ल्यूची बैठक ८५० वरून ८२० मिलिमीटरवर येते. हत्ती माहुतासाठी गुडघे टेकतो त्यातला हा प्रकार; सुंदर आहे. ज्याच्या खिशाला परवडेल त्याने अवश्य घ्यावा. एका परिचारिकेच्या पगारात मात्र दुसऱ्याची जुनी बैठक, बोटीचे कापड आणि तोंतोंचे तीन दिवस बसतात.

गेल्या हिवाळ्यात मावशी प्रथमच एकट्या पूर्ण फेरी घालून आल्या. शामारेलच्या चढावावर समोरून उसाची लॉरी आली आणि वळणातच थांबावे लागले. डावा पाय टेकला. लॉरी निघून जाईपर्यंत उजवा पाय ब्रेकवर थरथरत होता, असे त्यांनी घरी येऊन सांगितले, आणि चहा मागितला.

मूळ बैठक कपाटावर जुन्या चादरीत बांधून ठेवलेली आहे. गाडीची मागची बैठक अद्याप रिकामीच. तेथे कुणी बसायचे झाले तर शॉकचा तो दांडा पुन्हा कठीणकडे न्यावा लागेल आणि मागचा भाग उचलला जाईल. पण बसणाऱ्याच्या वजनाने तो तितकाच खाली येईल, असे भाच्याचे गणित आहे. मावशींना ते अजून पुरते पटलेले नाही. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांचे वजन ४३ किलो आहे. शिवरात्र झाली, गर्दी ओसरली, की एखाद्या कोरड्या सकाळी गंगा तलावापर्यंत नेशील का, असे त्यांनी दोनदा विचारले आहे. भाचा शनिवारी पाना घेऊन येणार आहे.